उष्टी हळद आणि रंगूआत्याचा मान

रंगूआत्या माणसाकडे बघायची नाही, माणसाच्या तोंडाकडे बघायची. म्हणजे तसं सगळेच बघतात. पण आपण डोळ्यांत बघतो, ती नाकाच्या शेंड्यावर बघायची. बोर्ली पंचतनच्या बाजारात कुणी ओळखीचं भेटलं, की "कशी हायस, पोरं कशी हायत" हे मागाहून. आधी हनुवटी धरून तोंड उन्हाकडे वळवायचं, डोळे बारीक करायचे आणि निदान सुनावायचं. "कपाळ आत्ताच तळणीतनं काढलंय काय गं? भजी कमी खा." हे ती बँकेतल्या बाईंनाही म्हणाली होती. बाई काचेच्या आत होत्या म्हणून त्यांची हनुवटी वाचली.

तेलकट तोंड ओळखायची तिची स्वतःची परीक्षा होती. जुन्या पेपराचा तुकडा फाडायचा, कपाळावर दाबायचा आणि उन्हात धरायचा. कागदाने तेल प्यायलं की मागची छपाई पुढे दिसायला लागायची. "बघ, पलीकडचं राशिभविष्य दिसाय लागलं. कन्या रास. 'खर्च वाढेल.' तुला नुसतं चण्याचं पीठ नि ताक पुरं." पण पलीकडची बातमी पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचता आली, तर मात्र आत्या गंभीर व्हायची. मग कडुलिंब. मग रात्रीचं जागरण बंद, वडापाव बंद, मोबाइल उशाला घेणं बंद. शाळेतल्या पोरी पिंपल्स घेऊन तिच्या पडवीत यायच्या आणि डोक्यावर जगाचे निर्बंध घेऊन परत जायच्या.

तिचं निम्मं ज्ञान सासूकडून आलेलं आणि निम्मं मोबाइलवरच्या एका बाईकडून. ती बाई लांब नखं नाचवत बोलायची आणि आत्या तिची हुबेहूब नक्कल करायची. पदर खांद्यावरून पुढे घ्यायचा, मान तिरकी करायची, "हॅल्लो फ्रेंड्ज! आज आपन बनवनार आहोत ऑइली स्किनसाठी एक म्यॅजिकल पॅक!" आणि लगेच आपल्या आवाजात, "म्हंजे मुलतानी माती नि गुलाबपानी. आमची सासू हेच सांगायची, फकस्त तिची नखं शेणात असायची."

कुठलाही नवा लेप आधी नवऱ्याच्या तोंडावर लागायचा. चांगदेव मुंबईला गोदीत नोकरी करून निवृत्त होऊन आलेला. आयुष्यभर क्रेनच्या आवाजात काढल्यामुळे बोलायची सवयच मोडलेली. "हं" एवढंच म्हणायचा, पण त्या एका हुंकाराचे पन्नास सूर होते. आत्याने सहाणेवर जायफळ उगाळायला घेतलं की तो न सांगता चष्मा काढून ठेवायचा आणि तोंड पुढे करायचा. परिणाम असा की गावातले त्याच्या वयाचे सगळे बाप्ये सुकलेल्या बोंबलासारखे दिसत आणि चांगदेव एकटा नुकत्याच आंघोळ घातलेल्या बाळासारखा.

अशा रंगूआत्याच्या भावाच्या मुलाला, केतनला, लग्न ठरल्यावर मुरमं फुटली.

आत्याचं माहेर आणि सासर एकाच गावात. मध्ये ओढा तेवढा. केतन तळोज्याला कंपनीत कामाला. लग्न ठरलं मुरुडच्या रुचिताशी. साखरपुड्याला त्याचं तोंड बरं होतं, पण तारीख धरली आणि रोज एक नवीन पाहुणा. एक गालावर, दोन कपाळावर आणि एक नाकाच्या बरोबर टोकावर, लाल, टपोरा, दिवा लावल्यासारखा. केतन लग्नाची रजा टाकून शनिवारी घरी आला तो थेट ओढा ओलांडून आत्याच्या पडवीत.

"आत्या, कुछ भी कर. फोटोग्राफरने पॅकेज घेतलंय ना, ड्रोनवालं. वरून पण दिसेल हा."

आत्याने पेपराचा तुकडा त्याच्या कपाळावर दाबला आणि उन्हात धरला. मग चष्मा लावून वाचत राहिली. बराच वेळ वाचत राहिली.

"काय झालं?" केतन घाबरला.

"थांब. अग्रलेख हाय, मोठा हाय."

तिने तिथल्या तिथे शब्द दिला. हळदीच्या दिवसापर्यंत तोंड आरशासारखं करून देईन, नाहीतर नावाची रंगू नाही. हे ती अंगणात उभी राहून, ओढ्यापलीकडे भावजयीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. कारण भावजय, नूतन, बोर्लीच्या पार्लरवालीला बोलावायच्या विचारात होती आणि आत्याच्या लेखी पार्लरवाली म्हणजे रंगारी.

पहिला लेप तांदळाच्या पिठाचा, चण्याच्या पिठाचा आणि ताकाचा. लेप वाळेपर्यंत बोलायचं नाही, हसायचं नाही, अंगणात खाटेवर पडून राहायचं. केतन पडला. आठवडाभर रात्रपाळी करून आलेला पोरगा. ऊन कोवळं, वारा मंद. त्याला झोप लागली. आत्या कोरफड काढायला परसात गेली.

तिच्या कोंबड्यांना त्या अंगणात दाणे टिपायची सवय. खाटेवर तांदळाचं पीठ पडलंय हे त्यांना कळलं. ते पीठ केतनच्या तोंडावर आहे हा तपशील त्यांच्या दृष्टीने किरकोळ होता.

केतनची किंकाळी ओढ्यापलीकडे नूतनपर्यंत पोचली. ती धावत आली तेव्हा मुरमं होती तिथेच होती आणि जोडीला गालावर चोचींचे तीन ठसे होते.

"वन्सं," नूतन म्हणाली. ती आवाज चढवत नसे. आवाज खाली आणायची, म्हणजे ऐकणाऱ्याला वाकून ऐकावं लागे. "आता लग्नापातूर ह्याच्या तोंडाला तुमचा हात लागला, तर मांडवात तुमच्यासाठी खुर्ची मांडायची न्हाय. सांगून ठेवते."

"कोंबडीनं केलं ते. माझ्या लेपानं न्हाय."

"तुमच्याच कोंबड्या हायत ना?"

चांगदेव "हं" म्हणाला, तेही नूतनच्या बाजूने.

आठ दिवस आत्याने हात आवरला. पण नाकावरचा तो दिवा काही विझेना. आत्या ओढ्याच्या अलीकडून बघायची आणि तिला तो तिथूनही दिसायचा. दिलेला शब्द हळदीच्या दिवसापर्यंतचा होता आणि हळद चालून येत होती. अखेर हळदीच्या आदल्या सांजेला तिच्या डोक्यात प्रकाश पडला. तोंडाला हात लावायचा नाही असं नूतन म्हणाली होती. हळद दळायची नाही असं कुठे म्हणाली होती? आणि नवऱ्या मुलाची हळद दळायचा मान आत्याचा. तो काढून घ्यायची कुणाची टाप होती?

हळदीच्या सकाळी तिने दोन भांडी भरली. मोठं पातेलं साध्या हळदीचं; पाहुण्यारावळ्यांनी एकमेकांना फासायला. आणि एक पितळी वाटी फक्त नवरदेवाची. त्या वाटीत हळद होती, कडुलिंबाचा पाला होता, उगाळलेलं जायफळ होतं, तुरटीची पूड होती आणि आठ पाकळ्या कच्च्या लसणीचा रस होता. लसणीने मुरूम रातोरात बसतो हे तिला सासूने सांगितलेलं. लसणीने कातडी पण भाजते, हेही सासूनेच सांगितलेलं; पण केतनची कातडी जाड, तेलाने पोसलेली, कणगीसारखी. तिला काही होणार नाही.

बेंजो वाजायला लागला. केतन पाटावर बसला, हातात कट्यार, कपाळाला मुंडावळ्या. सवाशिणींनी पितळी वाटीत आंब्याची पानं बुडवली आणि त्याच्या गालाला लावली.

"आई गं! आत्या, चरचरतंय!"

"हळद चरचरायचीच. तुझ्या बापाला पन चरचरली हुती. नंतर संसारात काय वाटलं न्हाय त्याला."

"पण वास कसला हाय हा?" एका सवाशिणीने बोट हुंगलं. "वाटणाचा येतो जणू."

"पाटा तोच ना. काल त्यावर मटणाचं वाटण वाटलं," आत्या म्हणाली, आणि आपल्या हजरजबाबीपणावर खूश होऊन नाचायला गेली. बेंजोपुढे तिने मोबाइलवरच्या बाईची नक्कल करून दाखवली, बाया लोळल्या. चांगदेवला पोरांनी मोठ्या पातेल्यातल्या साध्या हळदीने नखशिखांत पिवळा केला. आत्याच्याही तोंडाला कुणी ओंजळभर फासली. सगळं मनासारखं चाललं होतं. केतनचं नाक पिवळं होतं, म्हणजे निदान लाल नव्हतं.

नाचून दमून ती पडवीत टेकली आणि पाणी मागितलं. पाणी आणून देणारी पोर म्हणाली, "आरोहीताय गेली बी."

"कुठं गेली?"

"मुरुडला. उष्टी हळद घेऊन."

आत्याने पाण्याचं भांडं खाली ठेवलं.

नवऱ्या मुलाच्या अंगाला लागून उरलेली हळद नवरीकडे जाते. तीच तिला लावतात. ही रीत आत्याला ठाऊक नव्हती असं नाही. तिच्या स्वतःच्या गालाला चांगदेवची उष्टी हळद लागली होती. पण गेले आठ दिवस तिला केतनच्या नाकापलीकडचं जगच दिसत नव्हतं. वाटी केतनसाठी होती, एवढंच तिच्या डोक्यात होतं. आता ती वाटी, साडी आणि नारळासकट, केतनची बहीण आरोही आणि दोन पोरींच्या मांडीवर बसून, गावातल्या सदाच्या मिनीडोर रिक्षातून दिघीच्या जेटीकडे निघाली होती.

आणि साखरपुड्याला आत्याने रुचिताची हनुवटी धरून तिचंही तोंड उन्हात बघून ठेवलं होतं. कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ कातडी. वेणीतल्या फुलांनीसुद्धा त्या पोरीच्या मानेवर लाल चट्टे उठले होते. आत्या तेव्हाच म्हणाली होती, "हिला साय नि मध. हिला लिंबू लांबनं दाखवायचं पन न्हाय." त्या पोरीच्या गालावर आठ पाकळ्या लसूण चढणार होती. उद्या लग्न होतं. ड्रोन येणार होता.

तिने आरोहीला फोन लावला. फोन वाजला. आतल्या खोलीत वाजला, चार्जिंगला लावलेला. सदाला लावला, तर तो रेंजच्या बाहेर; दिघीच्या वाटेवर डोंगर आडवा येतो. केतनकडे नंबर मागावा, तर तो आईला सांगणार; त्याच्याखेरीज रुचिताच्या घरचा नंबर फक्त नूतनकडे होता. नूतनकडे नंबर मागायचा म्हणजे कशाला हवा ते सांगायचं.

नूतन मांडवात खुर्च्या मोजून घेत होती.

आत्याने चांगदेवचा पिवळा दंड धरला. "स्कुटी काढा."

"हं?"

"मुरुडला जायाचं. वाटेत सांगते."

तिने वाटेत सांगितलं. वाऱ्यावर, ओरडून, त्याच्या कानात. सगळं ऐकून झाल्यावर चांगदेवने सावकाश दोन वळणं घेतली. मग त्याने गेल्या कित्येक महिन्यांतलं सर्वांत मोठं वाक्य उच्चारलं.

"माझ्यावर लावून बघाया पायजे हुतं आधी."

"व्हय, चुकलं! तेवढंच चुकलं! पळवा आता!"

पण चांगदेवची स्कुटी आणि पळणं यांचा संबंध नव्हता. समोरून गुरं आली की तो थांबायचा, गुरं नसली तर येतील म्हणून थांबायचा. ते जेटीवर पोचले तेव्हा आगरदांड्याची फेरीबोट धक्का सोडून नुकतीच निघाली होती आणि तिच्यावर सदाचा मिनीडोर दिसत होता. आत्याने धक्क्याच्या टोकाला जाऊन हात हलवले. बोटीवरून आरोहीने आनंदाने उलट हात हलवले. तिच्या हातात पितळी वाटी चमकत होती.

पुढच्या बोटीत आत्या कठड्याला धरून उभी राहिली, जणू ढकलल्याने बोट लवकर जाईल. शेजारी पुण्याकडची गाडी होती आणि गाडीबाहेर दोन मुली, गॉगल केसांत खोचून. त्यांनी आत्याकडे बघितलं, चांगदेवकडे बघितलं, दोघांच्या हळदीने माखलेल्या तोंडांकडे बघितलं आणि एकमेकींचे हात धरले.

"अय्या, कित्ती गोड! काकू, तुमचं आत्ताच झालं का लग्न?"

"ह्यांच्याशी?" आत्या खवळली. "मी एकदाची चूक परत करीन व्हय?"

"हं," चांगदेव म्हणाला, पण जरा लाजून.

"सॉरी हां, पण काकांचा ग्लो बघ ना! नाही, खरंच बघ! काका, तुम्ही स्किनला काय लावता?"

पलीकडच्या किनाऱ्यावर एका पोरीचं तोंड टांगणीला लागलं होतं. पण कुणी हा प्रश्न विचारला आणि आत्याने उत्तर दिलं नाही, असं आजवर घडलेलं नव्हतं. तिने त्या मुलीची हनुवटी धरून तोंड उन्हाकडे वळवलं.

"नाकाच्या बाजूनं तेल सुटतंय. दिवसातनं किती येळा तोंड धुतेस?"

"पाच-सहा वेळा तरी. फेसवॉशने."

"म्हणूनच. जेवढं खरवडशील तेवढं तेल जास्त येनार. दोनदा धुवायचं. मुलतानी माती आठवड्यातनं एकदा. मुरूम फोडायचा न्हाय. आणि लसून—" आत्याचा आवाज कापरा झाला, "लसून कदी, कदी लावायची न्हाय."

"अय्या, काकू, रडू नका ना!"

मुरुडात रुचिताच्या बापाचं, रामचंद्रचं, चार खोल्यांचं लॉज. आज पाहुणे घरचेच, त्यामुळे दारात मांडव आणि गॅलरीत पाटीखाली वाळत घातलेली साड्यांची रांग. स्कुटी थांबायच्या आत आत्या उतरली. मांडवात रुचिता पाटावर बसलेली, पिवळ्या साडीत, डोळे मिटून. समोर तिची मोठी काकू, जनीकाकू, उभी. जनीकाकू म्हणजे त्या घरातली रीतभातीची फौजदार. कुंकू आधी की हळद आधी, नारळाची शेंडी कुठल्या दिशेला, यावर तिचा शब्द शेवटचा. तिच्या डाव्या हातात पितळी वाटी होती आणि उजव्या हाताचं, हळदीत बुडवलेलं बोट रुचिताच्या गालापासून चार अंगुळांवर होतं.

"थांबा!"

बेंजो थांबला. जनीकाकूचं बोट हवेत थांबलं. सगळा मांडव वळून बघायला लागला. दारात धापा टाकणारी, हळदीने पिवळीजर्द, केस विस्कटलेली नवऱ्या मुलाची आत्या आणि तिच्यामागे तेवढाच पिवळा तिचा नवरा, हेल्मेटसकट.

"काय झालं?" रामचंद्र पुढे धावला. त्याचा रंगच उडाला होता. "काय कमी पडलं काय आमचं? साडी? मानपान?"

आता बोलायला हवं होतं. खरं बोलावं, तर उद्या नूतनच्या मांडवात खुर्ची नाही, केतनच्या मुरमांची चर्चा दोन तालुक्यांत आणि आत्याच्या हातची हळद पुन्हा कुणाच्या पाटावर नाही. बोलू नये, तर ते बोट खाली येणार. आत्याने रुचिताकडे बघितलं. पोर डोळे उघडून भ्यालेल्या सशासारखी बघत होती. गाल नितळ, कुठे एक ठिपका नाही. आणि आत्याच्या तोंडून, तिचं तिलाही कळायच्या आत, वाक्य निघालं.

"उष्टी हळद आधी नवरीला लावायची न्हाय! आधी आत्याला! आमच्यात रीत हाय!"

मागून आरोहीचा बारीक आवाज आला, "आत्या, आपल्यात कुठं अशी—"

"तू गप गं. तुला काय ठावं? तुझ्या जन्माआधीपासनंची हाय."

जनीकाकूने भुवई वर केली. "आमी न्हाय आयकली कदी अशी रीत. चाळीस लग्नं लावली म्या हातानं."

"तुमच्याकडं समुद्र हाय, आमच्याकडं डोंगर हाय," आत्या म्हणाली. "रीत येगळी असनारच. उष्ट्या हळदीचा पैला मान आतेसासूचा. सगळी वाटी तिला लावायची. नवरीवरची नजर ती आपल्या अंगावर घेती."

हे शेवटचं इतकं छान सुचलं की क्षणभर तिला स्वतःलाही पटलं. मांडवातल्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. "बरोबर हाय की," कुणी म्हणालं, "आतेसासू म्हंजे नजर काढनारच."

"करा, करा!" रामचंद्रच्या जिवात जीव आला. मागणी फक्त हळदीचीच होती. "पाव्हण्यांची रीत मोडायची न्हाय! बसवा विहीणबाईंना! आनि आतोबांना पन बसवा जोडीनं!"

"हं!" चांगदेव म्हणाला. हा सूर नवा होता, घाबरलेला.

रुचिताला उठवून पाट आत्या-आतोबांना दिला. पाच सवाशिणी पुढे आल्या. आणि बेंजो दुप्पट जोरात सुरू झाला, कारण बेंजोवाल्यांनाही ही रीत फार आवडली.

जनीकाकूने वाटीत बोटं बुडवली आणि नाकाजवळ नेली. थांबली. पुन्हा हुंगली. तिची नजर हळूहळू आत्याच्या नजरेला येऊन भिडली.

"विहीणबाई," ती फक्त आत्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "लसून हाय."

आत्याने नजर पाटाकडे वळवली.

"जायफळ हाय. लिंबाचा पाला हाय." पुन्हा एक हुंगणं. "तुरटी बी हाय. मुरमावर का? आमच्या जावयाच्या?"

आत्याने डोळे मिटले आणि मान इवलीशी हलवली.

जनीकाकूने रुचिताकडे बघितलं, तिच्या गालाकडे बघितलं, आणि मग ओठ आवळून घेतले. हसू दाबायला की राग, ते सांगता आलं नसतं. "घ्या मान," ती म्हणाली, आणि पहिली ओंजळ आत्याच्या दोन्ही गालांवर सपकन बसली.

सवाशिणींनी कसर ठेवली नाही. गाल, कपाळ, नाक, कानाच्या पाळ्या. नजर सगळी उतरायला हवी ना! पहिल्यांदा गार वाटलं. मग गुदगुल्या. मग लसूण कामाला लागली. आत्याला वाटलं, आपलं तोंड चुलीवर ठेवून कुणी फुंकणीने जाळ करतंय. शेजारी चांगदेव शांत बसला होता. कित्येक वर्षांच्या सरावाने त्याची कातडी लेपाला सरावलेली. त्याला वासाने फक्त लसूण-खोबऱ्याच्या चटणीची आठवण येत होती.

आत्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"बघा, बघा, आतेसासूला कसं भरून आलंय!" बाया गहिवरल्या. दोघीतिघींनी पदर डोळ्यांना लावले. रुचिता तर उठून येऊन आत्याच्या पायाच पडली. "आत्या, तुम्ही माझ्यासाठी एवढं..."

"व्हय गं बाय," आत्या दात आवळून म्हणाली. "तुज्यासाठीच."

वाटीच्या तळाला जरा हळद उरली होती. "नवरीला बोटभर तरी लागाय पायजे," जनीकाकू म्हणाली, "न्हायतर उष्टी हळद लागली कुठं?" हे खरं होतं. आत्याने झटकन रीत पुढे वाढवली: नवरीला पायाच्या अंगठ्याला. तोंडाला साधी, घरची. जनीकाकूने मान्य केलं आणि रुचिताच्या उजव्या अंगठ्याला टिकलीएवढी हळद लागली. तेवढ्यानेही तो अंगठा संध्याकाळपर्यंत डाळिंबासारखा लाल झाला. जोडवं दुसऱ्या बोटात असतं म्हणून निभावलं.

"आता तोंड धुते," आत्या उठत म्हणाली.

"छे, छे!" जनीकाकूने खांदा दाबून तिला खाली बसवलं. तिचा चेहरा अगदी सोज्वळ होता. "आमच्याकडं पन रीत हाय ना, विहीणबाई. मानाची हळद नवरीची आंघोळ होईस्तोवर उतरवायची न्हाय. नजर परत येती."

"अशी रीत आमी न्हाय आयकली कदी."

"तुमच्याकडं डोंगर हाय," जनीकाकू म्हणाली. "आमच्याकडं समुद्र हाय."

नवरीच्या आंघोळीला त्या दिवशी फार उशीर झाला. आधी पाणी तापेना, मग मावशा आल्या, मग जनीकाकूनेच आत्याला आग्रह करकरून दोनदा वाढलं. आत्या जेवली, हसली, फोटोला उभी राहिली. परतीच्या बोटीवर तिने सबंध खाडीचं पाणी तोंडावर मारलं असतं, पण कठडा उंच होता.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. केतनचा नाकावरचा दिवा खरोखर बसला होता, फक्त जाताना आजूबाजूची साल घेऊन गेला होता. नूतनने बोलावलेल्या पार्लरवालीने त्यावर पावडर थापली आणि फोटोग्राफरने उरलेलं काम कॉम्प्युटरवर केलं, असं की फोटोत केतनला नाकच कमी आहे. रुचिताचं तोंड चंद्रासारखं. आणि मांडवात मानाच्या पहिल्या खुर्चीवर रंगूआत्या, आमसुलाच्या रंगाची, पापण्या सुजलेल्या. खुर्ची नूतनने स्वतः मांडली होती. मुरुडच्या लोकांनी तिला सगळं सांगितलं होतं.

"वन्सं," ती म्हणाली, आवाज खाली आणून, "मी तुम्हाला काय काय बोलले. आनि तुमी माझ्या सुनेची नजर आंगावर घेतली. आजपातूर ही रीत मला कुणी सांगितली न्हाय."

"लई जुनी हाय," आत्या म्हणाली. ओठ हलवलं की गाल ताणायचे.

नूतनला रीत फारच आवडली. तिने ती माहेरी सांगितली. मुरुडकडच्यांनी आपल्या सोयऱ्यांना सांगितली. पुढच्या लग्नसराईत ओढ्याच्या दोन्ही बाजूंना, बोर्लीच्या पलीकडे, अगदी खाडीपारही, नवऱ्या मुलाची उष्टी हळद आधी आत्याला लावायला लागले. आणि रीत नीट व्हावी म्हणून जिने ती आणली, तिला, म्हणजे रंगूआत्यालाच, जागोजाग आमंत्रणं. कुणाला आत्या नसली तर रंगूआत्याच आत्या.

तेव्हापासून रंगूआत्या दुसऱ्यांच्या घरीही हळद दळायला आधी जाऊन बसते. कुणी काही टाकायला वाटीजवळ आलं की हात धरते. एका घरी तर नवऱ्या मुलाच्या मामीने "जरासं लिंबू पिळू का, पोराचं तोंड तेलकट हाय" असं नुसतं विचारलं, तर आत्याने वाटी पदराखाली घेतली. "हळद म्हंजे हळद. बाकी काय न्हाय. दूध घाल पायजे तर. साय घाल."

परवा गावातल्या शुभमची हळद होती; त्याला सख्खी आत्या नाही. आत्या पाटावर बसली, सवाशिणी पुढे आल्या, तेवढ्यात मांडवाच्या कोपऱ्यातून काठी आपटल्याचा आवाज आला. गावातला सगळ्यात म्हातारा माणूस, कोंडाजी, उठून उभा राहिला होता. त्याला धड दिसत नाही, पण सगळं आठवतं.

"उजव्या गालाला न्हाय, डाव्या गालाला आधी!" तो ओरडला. "आमच्या आज्याच्या लग्नाला बी डाव्याच गालाला लावली हुती. मला माज्या आजीनं सांगितलंय. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली रीत हाय, तुमी नव्या बायांनी वाट लावली तिची!"

सवाशिणी थबकल्या आणि आत्याकडे बघायला लागल्या. रीत तिची, निवाडा तिनेच करायचा.

आत्याने तोंड उघडलं. कोंडाजीकडे बघितलं. चांगदेवकडे बघितलं, तो "हं" म्हणाला. मग तिने तोंड मिटलं आणि निमूटपणे डावा गाल पुढे केला.